बटलरचा असोला नारळ

बकरीला अटक करणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. तो आमच्या कुंपणापलीकडे राहायचा.

त्याचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही. तो जिवंत असताना त्या नावाने त्याला कुणी हाक मारली नाही, मग आता मी कशाला नवी रीत पाडू? गावात त्याला बटलर म्हणत. जवानीपासून बोटीवर स्वयंपाक केलेला माणूस. साहेबाच्या मालवाहू बोटी, त्यांचे ते तापलेले भटारखाने, आणि मधे मधे बंदरं, एवढंच त्याचं जग. इंग्रज गेल्यावर काही वर्षांनी तो एक पत्र्याची ट्रंक, एक पितळी घंटा आणि खाकी हाफ चड्डी घेऊन गावात परत आला. बायको कधीच वारली होती, मूल नव्हतं. घरात एकटा. तरी पेज शिजली की ओटीवर येऊन घंटा बडवायचा आणि बोटीवर सगळ्यांना जेवायला बोलवावं तसा ओरडायचा, "ऑल हँड! आज पेज आणि सुको बांगडो!" मग आत जाऊन एकटाच जेवायचा.

पहिल्या दिवशी घंटा ऐकून निम्मी वाडी आग लागली समजून कळश्या घेऊन धावली. त्याने सगळ्यांना बसवून जेवायला वाढलं. पेज पुरली नाही, तेव्हा आमच्यावरच चिडला. "जहाजार माणसां वाडली तर भटाऱ्याक आदी सांगूचा आसता!"

आता आमची वाडी कशी आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे आम्ही. तोंडवलीकडचा किनारा ज्याने बघितला आहे त्याला जास्त सांगायला नको. दर्याच्या अंगाला वाळूचा टेंब, म्हणजे टेकाडच म्हणा ना, लांबच्या लांब. त्यावर मर्यादवेल पसरलेली, जांभळ्या फुलांची, आणि मधे मधे केवड्याची बेटं. टेंबाच्या पायथ्याशी, वाडीच्या बाजूला, आमची बाव. बाव म्हणजे विहीर. इकडे खारं, तिकडे खारं, आणि मधे ही एकटी गोडी. वाडीत दुसरं पिण्याचं पाणी नाही. धामापूरच्या तळ्याचं पाणी मी प्यालो आहे. आमच्या बावडीपुढे ते काहीच नाही. धामापूरवाल्यांना राग आला तर येऊ दे.

बटलरचं सगळं आयुष्य त्या टेंबावर. त्याचं म्हणणं एकच. "ह्यो टेंब बावडीची आवस. पावसाचा पाणी पोटात धरता आणि वरीसभर तिका पाजता. टेंब गेलो काय बाव पोरकी." आणि टेंब कशाने उभा? तर वेलीने. वेल कोण खातं? बकरी. म्हणून बकरी त्याची दुश्मन.

टेंबावर बकरी दिसली की तो तिला धरायचा, कान पकडून खाली आणायचा आणि आपल्या ओटीच्या खांबाला बांधायचा. मालक येऊन रीतसर माफी मागेपर्यंत सुटका नाही. पण बोटीवरची शिस्त अंगात मुरलेली. "कैदी आसलो म्हणान काय झाला? जेवण वेळेर गावूक व्हया." तो बकरीला कोंड्याची पेज द्यायचा, वर फणसाचा पाला. बकऱ्या तुरुंगात जाऊन लठ्ठ व्हायला लागल्या. मग वाडीतली माणसं कसालच्या बाजाराला नाहीतर लग्नाकार्याला निघाली, की बकरी मुद्दाम टेंबाकडे हाकून द्यायची. माझी घरकारीण, म्हणजे बायको, तीही त्यातलीच. एकदा कुंपणावरून तिने विचारलेलं मी या कानांनी ऐकलं, "बटलरांनू, आमची चंद्री तुमच्याकडे आसा मा? रवांदे. आमी लग्नाक जातंव, परवा येतलंव."

"जामीन कोण?"

"चंद्रीक जामीन नको. तिका सजाच होऊ दे."

त्याला हे कळत नव्हतं असं समजू नका. सगळं कळत होतं. बकऱ्या त्याच्या खांबाला, म्हणजे टेंबावर नाहीत. त्याचं काम झालं.

दुसरा उद्योग झापांचा. माडाच्या झावळ्या विणून झाप करायचे आणि टेंबावर वाऱ्याला आडवे रोवायचे. उडती वाळू तिथे अडते, साठते, मग तिच्यात वेलीचा तुकडा खोवायचा. उन्हाळाभर हेच. आता इतके आयते विणलेले झाप उघड्यावर दिसल्यावर लोक सोडतात थोडेच? लग्नसराई आली की टेंबावरचे झाप मांडवावर. बटलरने कधी चोरीची तक्रार केली नाही. ज्या मांडवात आपला झाप ओळखू येईल तिथे तो बोलावणं नसताना जायचा आणि पहिल्या पंगतीला बसायचा. यजमानाने नुसती मान वर केली तरी म्हणायचा, "जेवूक नाय इलंय. माज्याच सावलयेत बसलंय."

ऑस्ट्रेलिया हा देश मला बटलरमुळे माहीत. शाळेत मी तिथवर पोचलोच नाही. तिथे फ्रीमँटल नावाचं बंदर आहे म्हणे. बोट धक्क्याला लागली तेव्हा हा पाय मोकळे करायला किनाऱ्यावर गेला आणि वाळूच्या टेकाडावरून सरळ वाट काढली. वरून टोपी घातलेली एक म्हातारी मडम आली आणि तिने छत्रीने याच्या पोटरीवर सपकन ओढली.

"मारल्यान रे माका!" हे सांगताना त्याचा चेहरा उजळायचा. "माका वाटला, काळो म्हणान मारता. मगे बगतंय तर माज्या मागसून आमचो गोरो कप्तान येय होतो. तेकाय मारल्यान!"

म्हातारीने दोघांना खाली बघायला लावलं. पायाखाली गवत होतं, गावच्या बायकांनी एकेक रोप खोवून लावलेलं. मागे कधीतरी तिथलं गवत गुरांनी संपवलं होतं आणि वाळू उठून घरांत शिरली होती, चुलीपर्यंत. कप्तान माफी मागून निघून गेला. बटलर थांबला. म्हातारीने चहा दिला, आणि तो दिवसभर तिच्याबरोबर गवत लावत बसला. त्या दिवशी बोटीवर सगळे उपाशी.

निम्मा गाव म्हणायचा, हा ऑस्ट्रेलियाला गेलाच नाही, कोचीनला उतरून बसला असेल. मलाही तसंच वाटायचं. छत्रीचा वण त्याने मला पोटरीवर दाखवला होता. पण तो वण छत्रीचा होता की मांजराचा, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मग शेठ आला. हा घाटावरचा ठेकेदार, कसालकडे रस्त्याचं आणि मोऱ्यांचं काम घेतलेला. त्याला रेती हवी होती. दर्याकाठची ओली रेती खारट, ती बांधकामाला चालत नाही. टेंबावरची रेती वर्षानुवर्षं पावसाने धुतलेली, ती चालते. त्याच्याकडे सरकारी परवान्याचा कागद होता. लॉरी मात्र वाळूत रुतते, तेव्हा टेंबापासून पक्क्या वाटेपर्यंत बैलगाड्या लागणार होत्या. गाडी माझी होती. बैल माझे होते, हरण्या आणि पवळ्या, असली जोडी आमच्या बाजूला दुसरी नव्हती. भाताची कामं आटपली की गाडी नुसती उभी आणि मी नुसता बसलेला. काम आलं, मी हो म्हटलं. त्यात लाजायचं काय?

मी चाकाला वंगण घालत होतो तेव्हा बटलर कुंपणाशी आला.

"वंगण कित्याक रे?"

"रेती व्हावक."

"बायलेक इचारलंस?"

"तिका काय इचारूचा? गाडी माजी, बैल माजे."

"आणि बाव?"

"बाव खंय पळान जाता?"

"बाव जाय ना. तिचा गोडेपण जाता. मगे तू तुज्या बैलांका दर्यावर ने."

"बटलरांनू, तुमका जंय थंय ऑस्ट्रेलिया दिसता. टेंब वायच खरवडलो म्हणान बाव खारी होणा नाय. ह्या मी सगळ्यांसमोर सांगतंय."

आणि सांगितलंही. दुकानापाशी, देवळापाशी, जिथे माणसं होती तिथे सांगितलं. मी एकदा बोललो म्हणजे बोललो.

बटलरने आपल्या परीने लढा दिला. घरोघर घंटा घेऊन फिरला. पुरुषांनी ऐकलं नाही, त्यांना काम हवं होतं. बायकांनी ऐकलं, पण बायकांना विचारत कोण होतं? शेवटी त्याने बावडीपाशी सभा बोलावली आणि लोक यावेत म्हणून तांदळाची खीर केली. लोक आले. खीर अशी झाली होती की कुणी तोंड वर केलं नाही. टोप रिकामा झाला आणि सभा संपली. बटलर हातात डाव घेऊन उभाच राहिला. मीही खाल्ली. खीर आणि रेती यांचा काही संबंध नव्हता.

आता आमच्याकडची एक रीत आहे. कुठलंही काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. नारळ ठेवायचा, मानकऱ्याने गाऱ्हाणं घालायचं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. वाक्य काय आहे तिकडे कुणाचं लक्ष नसतं. मानकरी दम घ्यायला थांबला की आपण म्हणायचं. बोलायला लागल्यापासूनची सवय, झोपेतसुद्धा तोंडातून निघेल.

हा मान बटलरच्या घराण्याचा. तो बोटीवर गेला तेव्हापासून त्याचा चुलतभाऊच गाऱ्हाणं घालायचा. नेमका तेव्हा तो भाऊ डोळे दाखवायला मुंबईला लेकाकडे गेलेला. शेठला घाई. नारळाशिवाय गाडी जुंपायला एकजण तयार नाही, मीसुद्धा नाही. तेव्हा बटलरकडे जाणं आलं. सगळ्यांनी मला पुढे केलं.

"तुमी नाय म्हणशात, ता आमका ठावक आसा," मी म्हटलं.

"कोण म्हणता? देवाचा काम, माज्या घराण्याचो मान. येतंय मी. नारळय माजोच."

आम्ही खुशीत परतलो. घरकारणीने नुसती भुवई वर केली. "सरळ व्हय म्हणालो? मगे जपान रवा."

सकाळी सगळे टेंबाच्या पायथ्याशी जमलो. बावडीपासून हाकेच्या अंतरावर गाड्या ओळीने उभ्या. सगळ्यांत पुढे माझी. पुरुष पुढे, बायका मागे, पाण्याच्या वेळेमुळे निम्म्यांच्या कमरेवर कळश्या. शेठ छत्री उघडून उभा. बटलर चक्क धोतर नेसून आला होता. त्याने धोंड्यावर केळीचं पान ठेवलं आणि त्यावर नारळ ठेवला. नारळ असोला होता, सालासकट, सोललेला नाही. तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं. फोडायचा नारळ कुणी असोला आणतं का?

वादळात भटारखान्यातून डेकवर ऐकू जाणारा आवाज तो. त्याने सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा, सगळी तुजी लेकरां हंय जमली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"शेठ लांबसून इलेले आसत, तेंका सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

"गाडयेच्या चाकाक, बैलाच्या खुराक सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!" हे मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

"ह्यो टेंब तू रचलंस, ही बाव तू भरलंस!"

"व्हय म्हाराजा!"

"टेंब काडल्यार बाव खारी जावची नाय, असा ही तुजी लेकरां म्हणतत!"

"व्हय म्हाराजा!"

"तर ज्याका ह्या खरा वाटता तो फुडे येतलो, नारळार हात ठेवतलो आणि तुका तसा सांगतलो! तेवाच नारळ फुटतलो, तेवाच रेती हलतली!"

"व्हय म्हाराजा!"

म्हणून झालं, आणि मग ऐकू आलं.

पवळ्याच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजत होती. जो तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागला. देवासमोर आम्ही सगळ्यांनी एका तोंडाने कबूल केलं होतं, कुणाला मागे घेता येईना. बटलर मात्र हात जोडून शांत उभा, जसा काही त्याचा यात संबंधच नाही.

मला मागून कुणीतरी ढोसलं. "जा रे, तूच सांगत होतंस मा?"

मी गेलो पुढे. मी माझ्या शब्दाला भ्यालो नव्हतो. हात उचललाही होता. तेवढ्यात मागून घरकारणीचा आवाज आला, आणि तो बटलरच्या आवाजापेक्षा लहान नव्हता.

"ठेवा, ठेवा हात! चार माणसांत बोललात मा? फकत बाव खारी झाली तर खाडयेपलीकडसून पाणी तुमी आणूचा. कळशी कमरेर घेवन. मी ओटयेर बसान बगतलंय."

बायका अशा हसल्या की केवड्यातले कावळे उडाले. "आमच्या घोवाचोय हात धरा गो कोणीतरी!" आणखी एक ओरडली.

मी मागे सरलो. घाबरून नव्हे. हरण्या उन्हात तापला होता, त्याला पाणी दाखवायची वेळ झाली होती. मी त्याला सोडून बावडीकडे नेलं आणि पाणी पाजलं. तो पोटभर प्याला.

शेठला हसू आवरेना. "अहो, एवढंच ना? मी ठेवतो हात. माझी खात्री आहे, विहिरीला काही होत नाही." छत्री मिटून तो नारळाकडे निघाला.

बटलर दर्याकडे बघत होता. बोललो मी, बावडीवरून.

"शेठ, थांबा. तुमी हंयचा पाणी पितात काय?"

"मी? नाही, म्हणजे मी इथे राहत नाही ना."

"मगे आमच्या पाण्याची शपथ तुमी कशी घेशात?"

हे मी का बोललो ते विचारू नका. मी बटलरच्या बाजूने बोललो नाही. बाहेरच्या माणसाने आमच्या नारळावर हात ठेवावा, हे मला पटलं नाही, इतकंच. पण एकदा बोललो म्हणजे बोललो. शेठने इकडेतिकडे बघितलं. मग छत्री पुन्हा उघडली. गाड्या एकेक करून वळल्या.

लढा जिंकला म्हणून बटलरने घंटा वाजवली असेल असं वाटेल. नाही वाजवली. शेठ खाडीपलीकडे दुसऱ्या वाडीत गेल्याचं कळलं, तसा हा होडीत बसून त्याच्या मागोमाग गेला. काखेत आणखी एक असोला नारळ. पण तिथला मान दुसऱ्या घराण्याचा. त्यांनी याचं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि होडीपर्यंत पोचवलं. त्यांच्या मानकऱ्याने सोललेला नारळ ठेवला आणि फोडला. त्यांचा टेंब गेला.

काही पावसाळे गेले आणि त्यांची बाव मचूळ झाली, मग खारी. त्यांच्या बायका हंडे घेऊन होडीने आमच्या बावडीवर यायला लागल्या. वैशाखात आमचंच पाणी तळाला, तेव्हा आमच्या बायका कुरकुरल्या. तुमच्या घोवांनी टेंब विकलो, आता आमचा पाणी कित्याक, असं तोंडावर बोलल्या. त्या दिवशी बटलरने बावडीच्या काठावर उभं राहून घंटा बडवली.

"पयली तेंका!"

"बटलरांनू, कित्याक म्हणान?" माझी घरकारीण भडकली. "बाव आमची!"

"शेठाक एकच टेंब व्हयो होतो, गो बाय. आमचो नको झालो म्हणान तेंचो गेलो. आमी जा गोडा पितंव ता तेंच्या वाट्याचा."

तिला गप्प करणारा दुसरा माणूस मी बघितला नाही. तिने आपली कळशी ओळीच्या मागे नेऊन ठेवली. मला मात्र हे कोडंच. ज्यांनी आपल्या हाताने नारळ फोडला त्यांना आधी पाणी का? अजूनही मला ते सगळं पटलेलं नाही. पण बावडीपासून खाडीपर्यंत भरले हंडे डोक्यावर नेताना त्या बायकांचे पाय वाळूत रुतायचे, ते बघवेना. रेतीसाठी वंगण घातलेली गाडी उभीच होती. मग उन्हाळ्यात रोज मी पिंपं भरून होडीपर्यंत पोचवायला लागलो. बटलर गाडीच्या बाजूने चालत यायचा आणि पवळ्याला म्हणायचा, "ऑल हँड!" माझ्याशी बोलायचा नाही. मीही बोललो नाही. आमचं भांडण होतं ना.

त्याच्या शेवटच्या पावसाळ्यात तो ओटीवरून फारसा उठत नव्हता. एका दुपारी घंटा वाजली. रोजच्यासारखी नाही, ओढत ओढत. आणि तो ओरडला, "ऑल हँड! आज सयपाक नाय!" निम्मी वाडी झाकलेली ताटं घेऊन धावली. पलीकडच्या वाडीची एक बाई पाणी भरत होती, तिने आपली बांधून आणलेली भाकरी सोडून त्याच्यापुढे ठेवली. त्याने सगळ्यांच्या ताटातला एकेक घास खाल्ला, आमच्या कढीत मीठ कमी आहे म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी गेला. खांबाला बकरी बांधलेली होती. तिची पेज समोर होती, वेळेवर ठेवलेली.

राहिला तो नारळ. त्या दिवशी कुणी हात ठेवला नाही, म्हणून तो फुटला नाही. देवापुढचा, म्हणून घरी नेता येईना. बटलरने तो तिथेच बावडीपाशी जमिनीत पुरला. माड आला. तो गेल्यावर दोन-तीन वर्षांनी पहिला फळला. पण काढणार कोण? माडावर चढून नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याला सांगितलं तर तो हात जोडून उभा. "त्या नारळार हात म्हणजे शपथ. माका नको." नारळ आपोआप पडतात तेव्हाच वाडी ते घेते.

तेवढ्यात आणखी एक ठेकेदार आला. हा तरणा, पायात बूट, जीभ गोड. शेठच्या नावाने आम्ही विटलोय हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं. माझ्या ओटीवर बसून म्हणाला, "काका, थोडीच रेती काढायची आहे. विहिरीला काही होणार नाही. हवं तर लिहून देतो."

"लिवन नको," मी म्हटलं. "चल माज्याबरोबर."

त्याला बावडीपाशी नेलं आणि तो माड दाखवला. "हेच्यार हात ठेव आणि सांग."

तो हसला. हात पुढे केला. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की रहाट थांबला आहे. बावडीवरच्या बायका, आमच्या आणि पलीकडच्याही, दोर हातात धरून त्याच्याकडे बघत होत्या. त्याने हात खिशात घातला.

बाव अजून गोडी आहे. कुणाला खोटं वाटत असेल त्याने येऊन प्यावं. आणि बटलर येडा होता, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. फक्त घरी, ओटीवर बसून म्हणतो. त्या माडाला हात लावून म्हणणार नाही.